वॉकर आडनाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी आडनावांबद्दल विचारणारे लोक स्मिथ आणि टेलरच्या वाटेला फारसे जात नाहीत. लोहार आणि शिंपी, विषय संपला. वॉकरबद्दलचे प्रश्न मात्र थांबत नाहीत, कारण इथे जरासं इंग्रजी येणाऱ्यालाही अर्थ आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, आणि नेमका तोच चुकीचा असतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही; एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वॉकर म्हणजे चालणारा. यात विचारण्यासारखं काय आहे?

वॉकर हे धंद्यावरून पडलेलं आडनाव आहे. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड पाण्यात घालून पायांनी तुडवायचं आणि ते घट्ट, दाट करायचं, हे काम करणारा तो वॉकर. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ लोळवणं, घुसळणं, इकडून तिकडे हलवणं. त्यावरून कापड तुडवणाऱ्याला 'वेआल्करे' म्हणत. पायी जाणं हा आजचा अर्थ त्या क्रियापदाला चिकटला तो साधारण तेराव्या शतकाच्या आगेमागे. म्हणजे धंद्याचा अर्थ जुना आणि फिरायला जाण्याचा नवा. खूप चालणाऱ्या एखाद्या पूर्वजावरून हे आडनाव पडलं, असं सांगणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. ती खुशाल सोडून द्या.

२. कापड तुडवायचं कशाला? धुण्यासाठी?

धुणं हा त्यातला निम्माच भाग. मागावरून आलेलं लोकरीचं कापड दिसायला कापड असलं तरी अंगात घालण्याजोगं नसे. वीण विरळ, चाळणीसारखी. मेंढीच्या अंगची चरबी त्यात असायचीच. शिवाय लोकर पिंजताना आणि कातताना ती नीट सुटावी म्हणून वरून तेल किंवा लोणी लावलेलं असे. हे कापड लांबट हौदात किंवा मोठ्या द्रोणीत घालत. त्यात पाणी, चिकट माती आणि आंबवलेलं मूत्र (प्रश्न ३). मग गुडघ्यापर्यंत कपडे वर खोचून माणसं आत उतरत आणि तासन् तास कापड तुडवत राहत. एका जागी फार दाबलं गेलं तर तिथे गाठ बसे आणि तागा वाया जाई, म्हणून कापड सतत फिरवत, उलथत राहावं लागे. जुन्या क्रियापदातलं 'घुसळणं, लोळवणं' ते हेच.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्याच्या वॉशिंग मशीनमध्ये गेला की आटून जाड होतो ना, तोच प्रकार इथे मुद्दाम आणि मापात करायचा. कापड लांबीत-रुंदीत चांगलंच आटे, पण जाड होई आणि वारा-पाऊस अडवू लागे. नंतर ते धुऊन उघड्यावर लाकडी चौकटींवर ताणून वाळवत. चौकटींना वरखाली आकडे असत, त्यांत कापडाचे काठ अडकवायचे. ही चौकट म्हणजे 'टेंटर'. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये 'टेंटर ग्राउंड' नावाची गल्ली आजही आहे.

सुती कापडाला हे काही लागत नाही, कारण कापसाच्या तंतूला असे खवलेच नसतात. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, पण ती तिला ताठपणा यावा म्हणून; हे काम वेगळं.

३. त्यात खरंच मूत्र वापरायचे?

वापरायचे, आणि त्याला चांगलं कारण होतं. मूत्र काही दिवस साठवून ठेवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो लोकरीतली चरबी सोडवतो. साबण महाग होता, हे घरोघरी फुकट मिळत होतं. यॉर्कशायरकडे या शिळ्या मूत्राला 'लँट' असं स्वतंत्र नावच होतं आणि ते घराघरांतून गोळा केलं जाई.

ही युक्ती इंग्रजांची नव्हे. रोमन साम्राज्यात हाच धंदा जोरात होता. पॉम्पेईच्या अवशेषांत असे कारखाने हौदांसकट सापडले आहेत. सम्राट व्हेस्पेशियनने तर सार्वजनिक मुताऱ्यांमधल्या मूत्रावर कर बसवला होता. मुलाने नाक मुरडलं तेव्हा बापाने त्या कराचं नाणं त्याच्या नाकाशी धरून याला वास येतो का असं विचारलं, ही गोष्ट त्याच्याबद्दलचीच.

'हे जावयाच्या घरच्यांना सांगू का?' असंही वॉकर जावई असलेल्या एका वाचकाने विचारलं आहे. सांगा की. बऱ्याच वॉकर मंडळींना ते आधीच माहीत असतं आणि ते स्वतःच मजेत सांगतात.

४. 'फुलर्स अर्थ' म्हणजे आपली मुलतानी मातीच ना?

हो, त्याच जातीची माती. फुलर म्हणजे वॉकरच (प्रश्न ५), आणि 'फुलर्स अर्थ' म्हणजे त्याने वापरायची माती. तेल शोषून घेणं हा तिचा गुण. आपण चेहऱ्याचा तेलकटपणा काढायला तिचा लेप लावतो, ते लोक लोकरीचा तेलकटपणा काढायला ती द्रोणीत टाकत. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या नटफील्ड भागात, बेडफर्डशायरमधल्या वोबर्नजवळ आणि बाथच्या आसपास तिच्या खाणी होत्या. लोकरीचं कापड हा इंग्लंडचा मुख्य व्यापार असताना ही माती परदेशी विणकरांच्या हाती पडू नये म्हणून तिच्या निर्यातीवर बंदी होती. ब्यूटी पार्लरमधल्या पुडीला इतकं राजकारण चिकटलेलं असेल असं वाटत नाही.

५. वॉकर, फुलर आणि टकर ही तिन्ही एकच आडनावं आहेत असं वाचलं. खरं का?

आडनावं तीन, धंदा एक. आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे, कारण इथे आडनावावरून प्रदेश कळतो.

इंग्लंडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. आग्नेयेला केंट, ससेक्स, एसेक्स, सफक. तिकडे कापड तुडवणारा तो फुलर. मूळ शब्द लॅटिन 'फुलो'. जुन्या इंग्रजीत तो आधीच आला होता, नॉर्मन लोकांच्या फ्रेंचने त्याला आणखी बळ दिलं. नैर्ऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट. तिकडे तोच माणूस टकर. ज्या जुन्या क्रियापदावरून टकर आलं त्याचा अर्थ छळणं, पिडणं असा होता. कापडाचे हाल बघता नाव चपखल आहे. आणि उत्तरेला यॉर्कशायर, लँकेशायर, पश्चिमेकडचे मध्य परगणे आणि वर स्कॉटलंड, हा वॉकरांचा मुलूख. चौदाव्या शतकातल्या एका प्रसिद्ध इंग्रजी काव्यात कापडाचं वर्णन येतं, त्यात ते पायाखाली 'फुल' करायचं आणि पुढे 'टक' करायचं, असे दोन्ही शब्द एकाच दमात आले आहेत. म्हणजे बोलताना सरमिसळ होत होती. आडनावं गोठली तेव्हा मात्र प्रदेशांच्या सीमा बऱ्यापैकी स्पष्ट राहिल्या.

एक्सेटर शहरात 'टकर्स हॉल' आजही उभा आहे. विणकर, तुडवणारे आणि कापड कातरणारे यांच्या संघाने तो १४७१मध्ये बांधला. त्याच कारागिरांना लंडनमध्ये फुलर म्हणत, आणि १५२८मध्ये तिथल्या फुलर आणि शियरमन (कापड कातरणारे) यांच्या संघांचं एकत्रीकरण होऊन 'क्लोदवर्कर्स कंपनी' झाली. दोन शहरांतलं अंतर फार नाही, तरी पाटीवरचा शब्द बदलला.

मजा म्हणजे तिन्ही आडनावं आपल्या इतिहासातही येऊन गेली. मुंबई उच्च न्यायालयाची १८७८मध्ये पुरी झालेली इमारत कर्नल जे. ए. फुलर यांच्या आराखड्यावर उभी आहे. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं भारतातलं काम सुरू झालं ते १८८२च्या सप्टेंबरात फ्रेडरिक टकर मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा. मुंगेरला जन्मलेले, सनदी नोकरी सोडून आलेले हे गृहस्थ भगवी वस्त्रं घालून फकीर सिंग नावाने वावरत. १८८८मध्ये एमा बूथ यांच्याशी लग्न झाल्यावर त्यांनी बायकोचं आडनाव आपल्या आडनावाआधी लावून बूथ-टकर असं जोडनाव घेतलं. त्या काळच्या पुरुषासाठी ही साधी गोष्ट नव्हती. तिसऱ्या, वॉकर यांच्यासाठी प्रश्न १० पाहा.

६. मराठीत याच्या तोडीचं आडनाव कोणतं?

तंतोतंत नाही. परीट जवळचा वाटतो, पण परीट वापरलेले कपडे धुतो आणि वॉकर कोऱ्या कापडावर काम करायचा. कापड तयार होण्याच्या साखळीतली रंगारी, साळी, कोष्टी ही आपली नावं त्याच्या शेजारी शोभतात. इंग्रजीत या साखळीतली जवळपास प्रत्येक कडी आडनाव झाली आहे: विणणारे वेब, वेबस्टर आणि वीव्हर, रंगवणारे डायर आणि लिस्टर, लव कातरणारे शर्मन, विकणारे ड्रेपर, शिवणारे टेलर.

पण तुलना इथेच थांबवावी. आपल्याकडे धंद्याच्या नावामागे जात उभी असते, आणि आडनाव ऐकलं की माणूस कुठला, कुणातला हे मनातल्या मनात ताडायची आपली खोड आहे. वॉकरच्या बाबतीत ती फसते. बाप कापड तुडवायचा म्हणून लेकाने तेच करावं, त्यातच लग्न करावं असं बंधन तिथे नव्हतं. आडनाव पुढच्या पिढीला गेलं, धंदा गेलाच असं नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात शेती करणारे, दुकान चालवणारे, पाद्री झालेले वॉकर भरपूर असतील यात नवल नाही.

आपल्या पारशी मंडळींची इंजिनीयर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट ही आडनावं या इंग्रजी पद्धतीच्या अधिक जवळची आहेत. फारुख इंजिनीयर यष्ट्यांमागे उभे राहायचे आणि नरी कॉन्ट्रॅक्टर सलामीला यायचे. आडनावातला धंदा त्यांच्या आधीच्या कुणाचा तरी.

७. हे आडनाव नक्की कधीपासून चालू झालं?

एक तारीख नाही. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर आधी सरदार-जमीनदारांनी वंशपरंपरागत आडनावं घेतली. सामान्य माणसांपर्यंत ती दक्षिणेत साधारण १२५० ते १३५०च्या दरम्यान पोचली. उत्तरेत, म्हणजे वॉकरांच्याच मुलखात, त्याहून उशिरा. १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षी डोईपट्टी बसवली गेली. त्यातल्या १३७९च्या, यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम भागाच्या याद्या टिकल्या आहेत आणि नावापुढे धंदाही लिहिलेला सापडतो. अशा यादीत एखाद्याच्या नावापुढे 'वॉकर' दिसलं की ते त्याचं आडनाव की त्याचं काम, हे ठरवताना अभ्यासकही कपाळाला हात लावतात. नावापुढे वॉकर आणि धंदा मात्र भलताच, असं दिसलं की समजायचं, आता हे आडनाव झालं.

८. पुढे तर पाणचक्क्या आल्या. मग तुडवणारे गेले, तरी नाव कसं टिकलं?

उलट नाव चक्कीलाही मिळालं. पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे वरखाली होऊन कापड कुटणाऱ्या चक्क्या इंग्लंडमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीस दिसतात. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या मालमत्तेची ११८५मध्ये जी मोजदाद झाली तिच्यात त्यांची नोंद आहे. म्हणजे आडनावं पक्की व्हायच्या आधीच यंत्र आलं होतं. तरी पायाने तुडवणं लगेच संपलं नाही, आणि चक्की चालवणाऱ्यालाही लोक जुन्याच नावाने हाक मारत राहिले. उत्तरेत या चक्कीला 'वॉक मिल' म्हणत, स्कॉटलंडमध्ये 'वॉल्क मिल'. गावांची आणि वाड्यांची तशी नावं आजही आहेत. वेल्श भाषेत अशा चक्कीला 'पंडी' म्हणतात. खाणकामगारांच्या १९१०च्या दंगलींमुळे गाजलेल्या टोनीपँडी गावाच्या नावातलं पँडी तेच.

त्यामुळे आजच्या एखाद्या वॉकरच्या मूळपुरुषाने स्वतः पाय भिजवले होते, की तो नुसता हातोड्याखाली कापड सरकवत होता, हे सांगता येत नाही.

९. वॉकर म्हणायचं की वाल्कर?

वॉकर. इंग्रजी लेखनातला 'एल' पूर्वी उच्चारला जायचा, आता जात नाही. आडनाव 'कर'ने संपतं म्हणून 'वॉ नावाचं गाव कुठे आलं?' असं विचारणारे आजोबा प्रत्येक घरात एक असतातच. त्यांना प्रश्न १५ वाचायला द्या, अगदीच निराशा होणार नाही.

१०. स्कॉटलंडमधले वॉकर आणि इंग्लंडमधले वॉकर वेगळे का?

धंदा तोच. फरक इतकाच की स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक बोलत आणि तिथे कापड तुडवणाऱ्याच्या मुलाला 'मॅक अन उखकदर' अशा धर्तीचं नाव असे. इंग्रजीचं वजन वाढल्यावर त्यातल्या काहींनी सरळ वॉकर लावलं. म्हणजे हे भाषांतरित वॉकर. आडनावावरून दोघांत भेद करता येत नाही. घराण्याचे कागदच बघावे लागतात. हेब्रिडीज बेटांवर तर हे काम बायका करत. लांब फळीभोवती बसून ओलं कापड तालात आपटायचं आणि त्याबरोबर गाणी म्हणायची, ही रीत विसाव्या शतकापर्यंत टिकली. आपल्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्यांनी ती गाणी जरूर ऐकावीत.

मराठी वाचकाला ठाऊक असावा असा स्कॉटिश वॉकर म्हणजे अलेक्झांडर वॉकर. फाइफ परगण्यात १७६४मध्ये जन्म, कंपनी सरकारच्या फौजेत नोकरी आणि १८०२पासून बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट. काठेवाडच्या संस्थानिकांनी गायकवाडांना आणि पेशव्यांना द्यायची खंडणी पूर्वी 'मुलूखगिरी' करून, म्हणजे फौज नेऊन वसूल केली जाई. वॉकरने १८०७मध्ये ती रक्कम ठरवून टाकली. काठेवाडच्या इतिहासात 'वॉकर सेटलमेंट' म्हणतात ते हेच. जाडेजा राजपुतांकडून मुली मारण्याची चाल सोडण्याचे करार लिहून घेणाराही तोच. गायकवाडांवर कंपनीचा फास आवळणाराही तोच, हे विसरून त्याचे पोवाडे गाऊ नयेत.

११. जॉनी वॉकर हे आडनाव की दारूचं नाव? आणि आपले जॉनी वॉकर?

आधी आडनाव. किल्मारनॉक या स्कॉटिश गावात जॉन वॉकर नावाच्या किराणा दुकानदाराने १८२०मध्ये दुकान सुरू केलं, त्याच्या वारसांनी व्हिस्कीचा व्यापार वाढवला. लांब ढांगा टाकत चालणारा टोपीवाला माणूस बाटलीवर आला तो १९०८मध्ये, टॉम ब्राउन या चित्रकाराच्या हातून. चित्र झकास आहे, पण 'वॉकर म्हणजे चालणारा' हा गैरसमज जगभर पसरवण्यात त्याचा वाटा मोठा असावा.

आपले जॉनी वॉकर म्हणजे बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. जन्म इंदूरचा, मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर. दारुड्याची हुबेहूब नक्कल पाहून गुरुदत्तने हे नाव दिलं. तेव्हा हे आडनाव नव्हे, बाटलीवरून घेतलेलं टोपणनाव.

१२. मान्सूनच्या बातम्यांत 'वॉकर अभिसरण' येतं. ते चालण्याशी संबंधित आहे का?

नाही, माणसाचं नाव आहे. सर गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सून कधी दगा देतो हे आधी कळावं म्हणून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या नोंदींची आकडेमोड केली आणि पॅसिफिक व हिंदी महासागरांवरचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे शोधून काढलं. एल निनोची चर्चा आज ज्या 'दक्षिणी आंदोलना'वाचून होत नाही ते हेच. विषुववृत्तावरच्या वाऱ्यांच्या चक्राला त्यांचं नाव मात्र खूप नंतर, १९६९मध्ये दिलं गेलं. त्यांच्या काळी खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं. १९२८मध्ये ते पुण्याला आलं, आणि शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' का म्हणतात याचं उत्तरही तिथेच आहे.

आडनावाच्या दृष्टीने यातली गंमत अशी की गिल्बर्ट वॉकर जन्मले ते रॉचडेलला. लँकेशायरमधलं हे गाव लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध, म्हणजे अगदी वॉकरांच्या मुलखातलं.

१३. सगळे वॉकर एकाच घराण्यातले का?

मुळीच नाही. ज्या ज्या गावात लोकरीचं कापड होतं, त्या त्या गावात एक तरी वॉकर होता. म्हणजे मूळपुरुष शेकड्यांनी. ब्रिटनमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत हे येतं ते यामुळेच. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९मध्ये ब्रिटिश आडनावं आणि बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र यांची सांगड घालून पाहिली. ॲटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावाच्या पुरुषांत बहुतेकांचं गुणसूत्र जुळलं, पण स्मिथसारख्या पसरलेल्या आडनावाचे दोन पुरुष रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकेच परके निघाले. वॉकरही त्या दुसऱ्याच गटातलं. नुसत्या आडनावावरून नातं जोडून देणाऱ्यांना पैसे देऊ नका.

१४. वॉकर घराण्याचं मानचिन्ह ऑनलाइन मिळतं. घ्यावं का?

भिंतीवर शोभेला लावायचं तर घ्या, पुरावा म्हणून नको. मानचिन्ह आडनावाला नसतं, माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. इंग्लंडमध्ये हा कारभार १४८४मध्ये स्थापन झालेलं 'कॉलेज ऑफ आर्म्स' पाहतं, स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन. काही वॉकरांना वेगवेगळी मानचिन्हं मिळालेली आहेत. विकणारे त्यातलं कुठलंही एक सगळ्या वॉकरांच्या गळ्यात बांधतात.

१५. प्रत्येक वॉकर कापडाशी जोडलेलाच असतो का? अपवाद नाहीत?

आहेत, थोडे. न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाचं गावच आहे. आता ते शहरातच जमा झालं आहे. त्या नावाचा अर्थ भिंतीजवळची पाणथळ झाडी. भिंत म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेली. तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या माणसाला गावावरून वॉकर म्हटलं गेलं असेल, तर तो आपल्या 'कर'वाल्यांचाच भाऊ. (आजोबांना सांगा.)

दुसरा मुद्दा जंगलाचा. राजाच्या राखीव जंगलाच्या एका हद्दीला 'वॉक' म्हणत आणि तिथे गस्त घालणाऱ्याला वॉकर. आडनाव त्यावरून आलं असं काहीजण हिरिरीने सांगतात, पण हा वापर उशिराचा आहे. तोवर बहुतेक वॉकर आपलं आडनाव घेऊन बसले होते. एखाददुसरं घर तसं निघालं तर निघालं.

तिसरं, जर्मनीतही वॉकर आडनाव आहे. तिथे त्याचा उच्चार 'वाल्कर' आणि धंदा तोच. अमेरिकेत गेलेल्या अशा कुटुंबांचं आडनाव इंग्रजी वॉकरांत बेमालूम मिसळलं.

टकर आडनावाच्या बाबतीत आयर्लंडचा अपवाद मोठा: तिथल्या 'ओ तुआखर' घराण्यातल्या काहींनी इंग्रजीत टकर लिहायला सुरुवात केली. त्यांचा कापडाशी संबंध नाही.

१६. अमेरिकेत कृष्णवर्णीय वॉकर इतके कसे?

गुलामगिरीमुळे. गुलाम बनवलेल्यांची मूळ नावं पुसली गेली. पुढे आडनाव लावायची वेळ आली तेव्हा काहींनी मालकाचं लावलं, काहींनी मुद्दाम दुसरंच निवडलं. त्यामुळे त्या घरांत आडनावाचा अर्थ लावत यॉर्कशायरच्या द्रोणीपर्यंत जाण्यात हशील नाही. १८२९मध्ये गुलामगिरीविरुद्ध जळजळीत पुस्तिका काढणारे बॉस्टनचे डेव्हिड वॉकर या परंपरेतले. केसांच्या प्रसाधनांवर मोठा उद्योग उभा करणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर जन्मल्या सारा ब्रीडलव्ह म्हणून, १८६७मध्ये. वॉकर हे नवऱ्याचं आडनाव.

दुसऱ्या टोकाला जॉर्ज डब्ल्यू. बुश. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे वॉकर, त्यांच्या आजीच्या माहेरचं आडनाव. आपण मधलं नाव वडिलांचं लावतो, ते आजोळ असं जपतात.

१७. आमच्या पणजोबांच्या आई वॉकर होत्या, मुंबई इलाख्यातल्या अँग्लो-इंडियन. शोध कुठून सुरू करावा?

अर्थापासून नव्हे, कागदापासून. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. त्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या चर्चमधल्या नोंदी इलाख्यावार लावल्या आहेत: 'एन १' बंगाल, 'एन २' मद्रास, 'एन ३' मुंबई. तुम्हाला 'एन ३' हवं. लग्नाच्या नोंदीत वराचा हुद्दा आणि वडिलांचं नाव मिळालं की पुढचं सोपं होतं, कारण रेल्वे, तारखातं, पलटण यांची कागदपत्रं वेगळी शोधता येतात.

माणूस विलायतेहून आलेला निघाला तर तिकडची जन्मनोंद पाहावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी जुलै १८३७पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५पासून. त्याआधी चर्चची पुस्तकं, जी १५३८पासून ठेवायचा हुकूम होता. वॉकरसारख्या आडनावात एकाच परगण्यात एकाच नावाचे चार-पाच जॉन वॉकर सहज भेटतात. तेव्हा आईचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय कुणालाही पूर्वज करून घेऊ नका.

१८. मुंबईचं वाळकेश्वर एखाद्या वॉकरसाहेबावरून पडलं का?

नाही हो. वाळूचं शिवलिंग म्हणून वालुकेश्वर, त्याचं वाळकेश्वर. इंग्रजांनी आपल्या लिपीत ते लिहिलं तेव्हा सुरुवातीची पाच अक्षरं वॉकरशी जुळली, एवढाच काय तो संबंध.